मावळातील समाजमंदिर आणि त्याचे आधारस्तंभ

समाजमंदिर म्हणजे एक मोठे दालन, पुढे व्हरांडा, मागे कुलूपबंद स्वच्छतागृह आणि दर्शनी भिंतीवर किमान दोन संगमरवरी पाट्या. मावळ तालुक्यात लोणावळ्याच्या घाटमाथ्यापासून तळेगाव दाभाड्यापर्यंत आणि अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत ही वास्तू आढळते. सभामंडप, सांस्कृतिक भवन, बहुउद्देशीय सभागृह ही तिचीच नावे. कोणत्या गावात कोणते नाव पडेल हे आत काय चालते यावरून ठरत नाही, पैसा कोणत्या खात्यातून आला यावरून ठरते. देवळाला लागून असेल तर सभामंडप, वस्ती सुधार योजनेतून झाले असेल तर समाजमंदिर, आणि निवडणूक तोंडावर असताना मंजूर झाले असेल तर बहुउद्देशीय सभागृह. गावकरी सगळ्यांनाच हॉल म्हणतात.

उद्देश मात्र खरोखरच बहु असतात. हरिनाम सप्ताह, साखरपुडा, दहावे झाल्यावरची पंगत, लसीकरण, डोळे तपासणी शिबिर, बचत गटाची बैठक, मतदान केंद्र आणि ग्रामसभा हे सर्व एकाच दालनात, बऱ्याचदा एकाच आठवड्यात उरकते. यांपैकी काहीही नसेल तेव्हा तिथे भाताची पोती, कुणाचा तरी नादुरुस्त पॉवर टिलर आणि गणपतीची मागच्या वर्षीची आरास असते. दुपारी व्हरांड्यात पत्ते चालतात. हा उद्देश कोणत्याही अंदाजपत्रकात नसतो, पण वर्षाचे तास मोजले तर सर्वाधिक उपयोग याच कामी होतो.

लोकांच्या देणगीतून चार माणसांनी बसण्याची जागा करायची आणि तिच्यावर आपापली नावे घालायची, ही चाल मावळात पुढाऱ्यांनी आणली असा समज आहे. तो चुकीचा आहे. कार्ल्याचा चैत्य सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे आणि तो एका राजाच्या पैशाने झालेला नाही. आतल्या अनेक खांबांवर देणगीदारांची नावे कोरलेली आहेत. त्यांत व्यापारी आहेत, यवन आहेत, आणि धेनुकाकट गावचे लोक तर इतके आहेत की त्या गावात वर्गणीचे पुस्तक घरोघर फिरले असावे. धेनुकाकटच्याच सामी नावाच्या सुताराने दरवाजाचे काम दिले, सिंहदत्त या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दुसरा दरवाजा दिला, आणि दोघांनीही तसे तिथेच लिहून ठेवले. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणक याच्या नावावर आहे. आणि वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने या लेण्याला साऱ्या जंबुद्वीपात तोड नाही असे व्हरांड्याच्या भिंतीवर नमूद करवून घेतले. स्वतः खर्च केलेल्या वास्तूबद्दल इतके निःपक्षपाती मत त्यानंतर थेट फ्लेक्सच्या जमान्यातच वाचायला मिळते.

या चैत्यात एकूण ३७ खांब आहेत. दोन्ही बाजूंच्या पंधरा-पंधरा खांबांना घडवलेली तळखडी आणि वर हत्तींवर बसलेली जोडपी आहेत. स्तूपाच्या मागचे सात मात्र साधे अष्टकोनी. मागे कोणी जात नाही, तिथे खर्च करू नये, हे व्यवहारज्ञान तेव्हाही होते. आजच्या समाजमंदिराला पुढून टाईल्स आणि मागून नुसत्या विटा असतात, त्याबद्दल उगाच नाक मुरडू नये.

याच लेण्यांत आणखी एक उपयुक्त दाखला आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंना एक गाव इनाम दिले, तसा लेख आहे. पुढे सत्ता सातवाहनांकडे गेली आणि तेच गाव त्याच भिक्षूंना दिल्याचा नवा लेख कोरला गेला. आधीच्या पक्षाने केलेल्या कामाचे आपण पुन्हा लोकार्पण करावे, ही रीत मावळच्या दगडात इतकी जुनी आहे.

नाव न घालता देणगी देण्याचा एक मोठा प्रयोगही याच तालुक्यात झाला. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली: माणशी वर्षाला एक पैसा. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. एका पैशाच्या देणगीदाराचे नाव कोरायला पाथरवट एका पैशापेक्षा जास्त घेणार, त्यामुळे पाट्यांचा प्रश्नच आला नाही. असा प्रयोग पुन्हा करायचा झाल्यास रक्कम तितकीच लहान ठेवावी लागेल.

आजच्या समाजमंदिराच्या भिंती सरकारच्या असतात. पैसा जिल्हा परिषदेतून, आमदार निधीतून, खासदार निधीतून किंवा 'पंचवीस-पंधरा'तून येतो. पंचवीस-पंधरा हे लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावांतर्गत कामांचे लेखाशीर्ष आहे, पण गावात ते एखाद्या देवस्थानाचे नाव घ्यावे अशा आदराने उच्चारले जाते. 'पंचवीस-पंधरातनं होतंय का बघू' एवढे वाक्य ऐकले की अर्जदार समाधानाने चहा घेऊन घरी जातो. खासदार निधीची योजना १९९३ सालची, आणि २०११-१२ पासून तीत प्रत्येक खासदाराला वर्षाला पाच कोटींची कामे सुचवता येतात. रक्कम ऐकून गाव हुरळते, पण मावळ हा लोकसभा मतदारसंघ घाट उतरून कर्जत, पनवेल करत थेट उरणच्या खाडीपर्यंत गेलेला आहे. इकडे पिंपरी आणि चिंचवडही त्यातच. एवढ्यांची पानं वाढून झाल्यावर पवन मावळातल्या वाडीपर्यंत जे पोहोचते, त्यात बहुधा एक टप्पा बसतो.

टप्पा ही समाजमंदिराच्या बांधकामातली महत्त्वाची संकल्पना आहे. पहिल्या टप्प्यात पाया आणि खांब, दुसऱ्यात स्लॅब, तिसऱ्यात गिलावा, फरशी आणि रंग. दर टप्प्याचा निधी वेगळा, वर्ष वेगळे, कधी कधी पक्षही वेगळा. खांबांतून वर आलेल्या गजांना दोन-तीन पावसाळे गंज चढतो आणि मुले त्यांना लोंबकळतात. मग कुठूनतरी दुसरा टप्पा मंजूर होतो. तिसऱ्या टप्प्याच्या अखेरीस इमारत शासनाच्या दृष्टीने पूर्ण होते, म्हणजे आत पंखा नाही, खुर्ची नाही, पाण्याची टाकी नाही, माईक नाही आणि हजार माणसांचा भात शिजेल असे एकही पातेले नाही. भिंती आल्या, आत जे हलते, फिरते, वाजते आणि शिजते ते सगळे गावाने आणायचे. स्थानिक आधारस्तंभांचे काम इथून सुरू होते.

त्याआधी पाटीचा विषय संपवला पाहिजे, कारण गावातही तो आधी काढला जातो. पाटी हा समाजमंदिराचा सर्वांत आधी पूर्ण होणारा भाग. एक भूमिपूजनाची, एक लोकार्पणाची. खासदार निधीच्या कामावर पाटी लावणे तर नियमानेच बंधनकारक आहे, आणि शासनाचा दुसरा कोणताही नियम मावळात इतक्या तंतोतंत पाळला जात नाही. मजकूर लिहायला ग्रामसेवक, सरपंच आणि दोन जाणते बसतात. शुभहस्ते कोण, अध्यक्ष कोण, प्रमुख उपस्थिती कोणाची, विशेष उपस्थिती कोणाची आणि 'सन्माननीय' व 'मा.' यांत मोठे कोण, याचा खल अंदाजपत्रकापेक्षा जास्त वेळ चालतो. आमदारांचे नाव खासदारांच्या नावाशेजारी की खाली, जिल्हा परिषद सदस्याच्या अक्षरांची उंची पंचायत समिती सदस्याच्या अक्षरांहून किती जास्त, हे फूटपट्टीने ठरते. शेवटी एक नाव राहतेच. ते राहिलेल्या घराण्यासाठी 'आणि समस्त ग्रामस्थ' ही ओळ असते, पण त्या ओळीने आजवर कोणाचे समाधान झाल्याचे ऐकिवात नाही. मग वर्षभराने पाटीखाली चार बोटांची एक अरुंद पट्टी वेगळ्या रंगाच्या संगमरवरात बसवलेली दिसते.

आचारसंहिता लागली की या पाट्या झाकाव्या लागतात. तालुक्याहून फोन येतो, ग्रामपंचायतीचा शिपाई खळ आणि जुनी वर्तमानपत्रे घेऊन येतो आणि नेत्यांची नावे दोन महिने सिमेंटच्या जाहिराती आणि राशिभविष्याखाली जातात. निकालानंतर कागद ओरबाडले जातात ते अर्धेच निघतात. पवन मावळातल्या एखाद्या हॉलमध्ये मान्यवरांच्या यादीत मधेच 'वृश्चिक: प्रवास टाळा' असे दिसले तर ते या कारणाने.

पाटीनंतर पाऊस. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तळेगावपर्यंत येताना त्याचा जोर ओसरतो, पण कामशेतच्या वरच्या अंगाला असलेल्या गावांना तो सवलत देत नाही. समाजमंदिराचे अंदाजपत्रक मात्र कोरड्या तालुक्यात लागू पडेल असेच असते. पहिल्या पावसाळ्यात स्लॅबला ओल येते. दुसऱ्यात ती थेंब होते. तिसऱ्यात कीर्तनकार बुवांची जागा दोन फूट डावीकडे सरकते. मग पावडर टाकून गिलावा होतो, त्यानंतर डांबर, त्यानंतर कोबा, आणि एवढे झाल्यावर कोणीतरी जाणता सांगतो, 'वरून पत्रा टाका.' स्लॅबवर लोखंडी खांब उभे राहून त्यावर निळा पत्रा येतो, त्याचा निधी वेगळा आणि पाटीही वेगळी. स्लॅब आणि पत्रा यांच्यामधल्या जागेत मंडपाचे बांबू, सतरंज्या आणि पराभूत उमेदवारांचे फलक राहतात. गळती थांबते. पण आता आषाढात पत्र्यावर असा ताशा वाजतो की आत बोललेले शेजाऱ्याला ऐकू जात नाही, म्हणून मोठा स्पीकर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी पुन्हा देणगीदार शोधावा लागतो. कार्ल्याच्या चैत्याच्या छताला बसवलेल्या लाकडी कमानी दोन हजार पावसाळ्यांनंतर जागेवर आहेत. त्या कामाचा ठेकेदार कोण होता हे मात्र कोणी कोरून ठेवलेले नाही.

देणगीदारांचे वर्ग रकमेवरून पडतात. 501 दिले तर माईकवरून नाव, 5001 दिले तर फळ्यावर, त्याहून वर दिले तर दगडावर. वस्तू दिली तर नाव वस्तूवर. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर 'कै. ... यांच्या स्मरणार्थ' असे लाल रंगात लिहिलेले असते. पंखा बंद असेल तोवर ते वाचता येते, म्हणून देणगीदाराचे कुटुंब भर वैशाखातही पंखा बंद ठेवण्याच्या बाजूचे असते. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या पाठीवर, भिंतीवरच्या घड्याळावर, पाण्याच्या टाकीवर, चपला ठेवायच्या मांडणीवर नाव असते. मधल्या काळात एक्सप्रेस वेच्या दोन्ही अंगांना जमिनींना भाव आल्यापासून वस्तूंचा आकार वाढला आहे. पूर्वी घड्याळ देणारे घर आता थंड पाण्याचा कूलर देते, आणि एनए प्लॉटिंग करणारा गृहस्थ गावाची नाराजी नको म्हणून प्रवेशद्वाराची कमान देऊन टाकतो.

सर्वांत मोलाचे दान भांड्यांचे. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत भांड्यांचा संच असतो: पातेली, तपेली, पराती, झारे, ओगराळी, वाढपाच्या बादल्या आणि ताटे. प्रत्येक भांड्याच्या काठावर छिन्नीने ठिपक्या-ठिपक्यांची नावे घातलेली असतात. ती बोट फिरवून वाचता येतात आणि आमटी ढवळताना कोणाच्या आजीच्या पातेल्यात आपण काम करतो आहोत हे आचाऱ्याला नेमके ठाऊक असते. भांडी नेताना वहीत सही होते, परत आणताना मोजणी. मोजणीत झारा एक कमी भरतो. हा झारा कोणत्या घरी आहे हे सर्वांना माहीत असते, कारण त्याच्यावर नाव आहे. तरीही तो मागायला कोणी जात नाही. पुढच्या कार्याला त्या घरातून आपणहून येतो आणि 'आमच्याकडचा झारा आणलाय' अशी त्याची ओळख करून दिली जाते.

गावाबाहेरच्या आधारस्तंभांत मुंबईकरांचा मान पहिला. मुंबईचे अनेक डबेवाले मावळ आणि शेजारच्या तालुक्यांतले आहेत. चैत्रात गावोगावच्या यात्रा येतात तेव्हा ते पाच-सहा दिवस डबे बंद ठेवून गावी येतात. एरवी वर्षभर ज्यांचा डबा एक मिनिट उशिरा पोहोचत नाही, तेच गावच्या बैठकीला मात्र तासभर उशिरा येतात, कारण बैठक वेळेवर सुरू होत नाही हे त्यांना लहानपणापासून माहीत आहे. मुंबईकर मंडळाची वर्गणी एकगठ्ठा आणि रोख असते, म्हणून तिच्यासोबत येणाऱ्या सूचनाही गाव ऐकून घेते. त्यातल्या पाळल्या किती जातात ते मुंबईकर पुढच्या चैत्रात तपासतात.

दुसरे बाहेरचे म्हणजे फार्महाऊसवाले. पवना धरणाच्या काठाला किंवा मळवलीच्या बाजूला बंगला बांधलेला पुण्या-मुंबईचा गृहस्थ गावाशी संबंध चांगले असावेत म्हणून देणगी देतो. त्याला पातेल्याचे महत्त्व पटत नाही, तो स्पीकरचा संच देतो. सप्ताहात पहाटे चारला त्या संचावर काकडा लागतो, आणि आवाज कमी करण्याची पहिली विनंती त्याच्याच बंगल्यावरून येते. गाव ती नम्रपणे ऐकते. 'तुमचाच स्पीकर हाय साहेब, लई लांबवर जातो,' असे सांगून त्याला प्रसादाचे आमंत्रण दिले जाते. साहेब येतो, इंद्रायणीचा भात दोनदा घेतो आणि विषय तिथेच संपतो. हा तांदूळही अस्सल मावळचा. त्याचे वाण वडगावच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झाले आहे, आणि ते पंगतीत प्रत्येक पाहुण्याला नव्याने सांगितले जाते.

फ्लेक्सवरचे आधारस्तंभ हा वेगळा विषय. फ्लेक्सवर 'आधारस्तंभ', 'मार्गदर्शक' आणि 'युवा नेतृत्व' अशा तीन रांगा असतात, सर्वांत खाली 'शुभेच्छुक' या सदरात तिकिटाएवढे चाळीस-पन्नास फोटो. फोटोतला प्रत्येक जण मोबाईल कानाला लावून कोणाशी तरी महत्त्वाचे बोलत असतो. वर्गणी न देता आधारस्तंभ होण्याचा हा स्वस्त मार्ग आहे, आणि म्हणून गर्दी इथे सर्वाधिक.

ज्यांची नावे कुठेच नसतात त्यांची गाठ सप्ताहात पडते. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायचा नसतो. सात दिवस, चोवीस तास कोणीतरी तो गळ्यात घालून उभे असावे लागते. त्यासाठी पहाऱ्याचा तक्ता भिंतीवर लागतो, दर दोन तासांना एक नाव. संध्याकाळी सहा ते आठ या पहाऱ्याला उमेदवार भरपूर, कारण तेव्हा गाव बघायला असते. रात्री दोन ते चारला तक्त्यात कोणाचे नाव आहे याला फारसा अर्थ नसतो. ज्याचे आहे तो झोपलेला असतो, आणि त्याच्या जागी ठरलेला एखादा म्हातारा माणूस कानटोपी घालून वीणा छेडत उभा असतो. त्याने कधी 501 दिलेले नाहीत. बुंदी पाडायला, भाकरी थापायला पहाटेपासून बसलेल्या बायकांचेही तसेच. काल्याच्या कीर्तनानंतर सत्कार होतात तेव्हा शाल-श्रीफळ घेणाऱ्यांच्या रांगेत यांतले कोणी नसते. कोणी मागच्या खोलीत भांडी मोजत असते, कोणी झोपलेले असते. लेखकाच्या मते हॉल उभा आहे तो या मंडळींवर, पण या मताला गावात अनुमोदक मिळणे कठीण, कारण अनुमोदक म्हणून बोलायला उठणारे सगळे सत्काराच्या रांगेतले असतात.

सप्ताह संपला की चार-आठ दिवसांनी हिशोबाची बैठक होते. वर्षातल्या सर्व कार्यक्रमांत हिला उपस्थिती सर्वोत्तम. खजिनदार वही उघडून तेल, गूळ, डाळ, मंडप, बुवांचे मानधन असे वाचत जातो. हजारांच्या आकड्यांना कोणी हरकत घेत नाही. अडते ते नारळांपाशी.

'नारळ किती आणलं?'

'पन्नास.'

'अन् फोडलं किती?'

'पंचेचाळीस.'

'मग पाच कुठं गेलं?'

'तात्या, त्यातला एक तुमच्याच सत्काराला दिला.'

'मग चार कुठं गेलं?'

एखाद्या शासकीय लेखापरीक्षकाला लाजवेल अशी ही तपासणी मध्यरात्रीपर्यंत चालते. तात्यांना सगळे कंटाळतात, 'यांना बोलवतं कोण' असे प्रत्येक जण म्हणतो, आणि तरी कोणत्याही गावाने आपला तात्या बैठकीतून वगळलेला नाही. तात्या आहेत म्हणून वहीतला आकडा आणि डब्यातली रोकड जुळते, आणि ती जुळते म्हणून पुढच्या वर्षी लोक वर्गणी देतात. इमारतीसाठी खर्च झालेल्या निधीचे मात्र असे होत नाही. तो कागदावर येतो, कागदावर संपतो, त्यातला नारळ कोणी मोजत नाही.

ग्रामसभा ही हॉलची दुसरी मोठी सभा, आणि तिची गोष्ट उलटी. ग्रामसभेच्या गणपूर्तीला गावातल्या एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. ती जमत नाहीत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे पहिली सभा तहकूब करण्यासाठी आणि दुसरी खरोखर घेण्यासाठी, अशी सोयीस्कर वहिवाट पडली आहे. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. तिथे पाणी, दारू आणि हॉलच्या स्वच्छतागृहाची चावी हे तीन विषय निघतात आणि मुख्य सभेत 'महिलांच्या सूचनांचा विचार करण्यात येईल' असा ठराव होतो. ठराव करून तो न पाळणे याला तालुक्यात मोठा इतिहास आहे. १७७९च्या जानेवारीत वडगावला मराठ्यांनी कोंडीत पकडलेल्या इंग्रजांनी तह केला, आणि सुटका होताच कंपनी सरकारने तो नाकारला. वडगावलाच २०१८ मध्ये नगरपंचायत झाल्यावर ग्रामसभा बंद झाली. आता तिथे नगरसेवक आहेत, आणि पाटीवरच्या नावांची संख्या त्या प्रमाणात वाढली आहे.

चावीचा उल्लेख आलाच आहे तर तोही विषय स्पष्ट केला पाहिजे. हॉलच्या कुलपाला तीन चाव्या असतात. एक ग्रामपंचायतीत, ती दुपारी दोननंतर कुलूपबंद. दुसरी सप्ताह समितीच्या अध्यक्षांकडे, ते वडगावला गेलेले असतात. तिसरी हॉलशेजारच्या घरी खुंटीला, आणि सगळा व्यवहार प्रत्यक्षात हिच्यावर चालतो. लग्नाचा मंडपवाला, लसीकरणाची सिस्टर, निवडणुकीचे कर्मचारी, सगळे त्या घरच्या मावशींच्या दारात उभे राहतात. मावशी कोणत्याही समितीत नाहीत. हॉल कोणी किती वेळ वापरला, झाडून दिला की नाही, दिवे बंद केले की नाही, हे त्यांना तोंडपाठ असते, आणि ज्याने मागच्या वेळी पत्रावळ्या तशाच टाकल्या त्याला चावी 'सापडत नाही'.

लोणावळ्याच्या बाजूला सगळे वेळापत्रकच निराळे. इतरत्र समाजाचे काम रविवारी होते. लोणावळा-खंडाळ्यात रविवारी समाज दुकानात असतो. चिक्की, जेली, हॉटेल, खोल्या, टॅक्सी यांत गुंतलेल्या माणसाला आधारस्तंभ व्हायला मंगळवारच सापडतो, म्हणून बैठका आठवड्याच्या अडगळीतल्या वारी होतात. पावसाळ्यात तेही नाही. भुशी धरणाकडे वाहनांची रांग लागली की कोणालाच घराबाहेर पडता येत नाही, मग घरच्या घरी फोनवर ठराव मंजूर होतो. सत्काराला शाल आणि श्रीफळासोबत चिक्कीचा डबा असतो. तो बाहेरच्या पाहुण्याला अपूर्वाईचा वाटतो, स्थानिक सत्कारमूर्ती तो व्यासपीठावरूनच पुतण्याकडे सरकवतात.

भाजे, कार्ला या गावांतल्या हॉलना जुलै महिन्यात अनपेक्षित आश्रित मिळतात. गाव भातलावणीला चिखलात उतरलेले असते आणि हॉलच्या व्हरांड्यात लोहगडावरून भिजून आलेले तरुण कुडकुडत कणसे खात असतात. ते पाट्या मोठ्याने वाचतात, फोटो काढतात आणि शेवटी स्वच्छतागृह कुठे आहे विचारतात. समोर दिसणाऱ्या दारावर कुलूप असते. चावी मावशींकडे आणि मावशी खाचरात. शासनाने स्वच्छतागृह बांधून दिलेले असते, पण पाण्याची जोडणी पुढच्या टप्प्यात धरलेली असते, म्हणून ते कुलूप उघडले तरी फार फरक पडत नाही.

लग्नाचा उद्देश आता कमी होत चालला आहे. जुन्या महामार्गाच्या दोन्ही बाजूंना लॉन्स झाली, तिथे गाडी लावायला जागा आणि नवरा-नवरीला यायला धुराचा रस्ता मिळतो. हॉलमध्ये लग्न करणे म्हणजे हात आखडता घेणे, असे मानणारी पिढी आली. साखरपुडा आणि हळद तेवढी हॉलमध्ये होते. तरी भांडी मात्र हॉलचीच लागतात. लॉन्सवाल्याच्या पातेल्यावर कोणाचे नाव नसते आणि त्यात शिजलेल्या आमटीला चव नसते, हे मत मात्र गावात एकमुखाने मान्य आहे.

पंचवीस-तीस वर्षांत खांबांना तडे जातात, स्लॅबमधले गज दिसू लागतात आणि अभियंता येऊन इमारत धोकादायक असल्याचा कागद देतो. नव्या, याहून मोठ्या, बहुउद्देशीय सभागृहाचा प्रस्ताव पंचवीस-पंधरात जातो. पाडकामाच्या आधी सर्वांत प्रथम भांडी हलतात, मोजून, सही करून, मावशींच्या पडवीत. मग खुर्च्या, मग पंखे. शेवटी पाट्यांचा प्रश्न उरतो. त्या फोडणे कोणाला परवडणारे नसते आणि नव्या भिंतीवर नव्या पाट्यांसाठी जागा राखलेली असते. त्यावर दोन ग्रामसभा होतात, पहिली अर्थातच तहकूब. ठरते ते असे, की जुन्या पाट्या नव्या सभागृहाच्या कुंपणाच्या भिंतीत, रस्त्याच्या बाजूने, मूळ क्रमानेच बसवाव्यात, आणि चार बोटांची अरुंद पट्टी जिच्या खाली होती तिच्याच खाली राहावी.